गुटगुटीत मुले, साठणारी चरबी आणि निष्प्रभ होणारे इन्शुलिन

मराठी घरात अंगाने भरलेल्या मुलाचे कौतुक फार. ‘खात्यापित्या घरचे’ ही त्याची पावती, आणि हडकुळ्या मुलाच्या आईला मात्र नातेवाइकांची बोलणी. गावोगावच्या ‘गुटगुटीत बालक’ स्पर्धांतून गालांची गोलाई आणि मांड्यांच्या वळ्या यांनाच बक्षीस मिळत आले. अन्नाच्या तुटवड्याने मुले दगावत, त्या काळात ही दृष्टी समजण्यासारखी होती. आज मात्र वैद्यकशास्त्राने या समजुतीपुढे मोठे प्रश्नचिन्ह उभे केले आहे. मुलाच्या अंगावरचे वजन कशाचे आहे, स्नायूंचे की चरबीचे, आणि ती चरबी शरीरात नेमकी कोठे साठली आहे, यावर त्याच्या रक्तातील इन्शुलिन कामाला येणार की वाया जाणार हे बरेचसे ठरते. वजनाचा काटा या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यासारख्या भागात हा विषय अनाठायी वाटण्याचा संभव आहे. माणिकगडच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. गोंड आणि कोलाम समाजाची वस्ती येथे मोठी आहे. अशा भागातील मुलांच्या आरोग्याची चर्चा निघते ती कमी वजनाची आणि खुरटलेल्या वाढीची. परंतु याच तालुक्यात चुनखडीच्या साठ्यांवर आवारपूर, उपरवाही, गडचांदूर आणि नारंडा येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, कामगार वसाहती आल्या, पगारी घरे आली आणि त्यांच्यामागोमाग बाजारही आला. कोलामांचे गुडे आणि कारखान्यांच्या वसाहती यांच्यात अंतर आहे ते थोड्याच किलोमीटरचे. मुलांमधील कुपोषण आणि मुलांमधील लठ्ठपणा ही दोन वेगळ्या वर्गांची दोन वेगळी दुखणी आहेत, असे मानून या नकाशाकडे पाहिले तर मूळ मुद्दा हातून निसटतो. या दोहोंना जोडणारा धागा महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत, सापडला आहे. त्याकडे वळण्यापूर्वी इन्शुलिनचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

इन्शुलिन आणि त्याला होणारा प्रतिरोध

जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये ते वेगळे केले, तेव्हापासून ‘साखर कमी करणारे द्रव्य’ अशी त्याची ओळख रूढ झाली. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. जेवणानंतर इन्शुलिन एकाच वेळी तीन ठिकाणी हुकूम सोडते. स्नायूंना ते सांगते की रक्तातील ग्लुकोज आत घ्या. यकृताला सांगते की आता नवे ग्लुकोज तयार करू नका. आणि मेदपेशींना सांगते की साठवलेली चरबी सध्या बाहेर सोडू नका. तिन्ही हुकूम पाळले गेले, तरच जेवणानंतर रक्तातील साखर आणि मेदाम्ले आटोक्यात राहतात.

हे हुकूम पेशींनी नीट ऐकेनासे होणे म्हणजे इन्शुलिन-प्रतिरोध. हेरॉल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश वैद्याने १९३६ मध्येच दाखवून दिले होते की मधुमेही रुग्णांत दोन प्रकार असतात. एकांवर इन्शुलिन लगेच परिणाम करते, दुसऱ्यांवर फारसे करत नाही. मात्र त्या काळी रक्तातील इन्शुलिन मोजता येत नव्हते. ते साध्य केले रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये. त्या पद्धतीच्या विकासासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, बर्सन तोवर हयात नव्हते. या मोजणीतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. प्रौढ वयातील अनेक मधुमेही रुग्णांच्या रक्तात इन्शुलिन कमी नसून उलट जास्त होते.

लठ्ठ मुलांच्या बाबतीत पालकांची फसगत होते ती येथेच. पेशी ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते, आवाज चढवून बोलावे तसे. त्या जादा इन्शुलिनमुळे रक्तातील साखर बरीच वर्षे व्यवस्थित राहते. उदाहरणच घ्यायचे तर उपाशीपोटी साखर ९० आणि इन्शुलिन ९ असलेले एक मूल, आणि साखर तितकीच ९० पण इन्शुलिन २७ असलेले दुसरे मूल. साखरेच्या अहवालात दोघेही सारखेच निरोगी. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ‘होमा’ या गणिताप्रमाणे साखर आणि इन्शुलिन यांच्या गुणाकाराला ४०५ ने भागले, तर पहिल्याचा आकडा २ येतो आणि दुसऱ्याचा ६. दुसऱ्या मुलाचे स्वादुपिंड तेच काम तिप्पट इन्शुलिन सोडून करत आहे. ‘शुगर नॉर्मल आली’ म्हणून घरात पेढे वाटले जातात, तेव्हा हे श्रम कोणाच्याच लक्षात आलेले नसतात.

त्यातच वयात येण्याच्या काळात निसर्गतःच इन्शुलिनचा प्रभाव काहीसा घटतो. वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढलेला असतो, त्याचा हा परिणाम. सडपातळ मुलांतही तो दिसतो आणि वय उलटले की निवळतो. परंतु चरबीमुळे आधीच प्रतिरोध असलेल्या मुलावर या काळात दुहेरी भार येतो. मुलांमधील टाइप-२ मधुमेह बहुधा दहा वर्षे वयानंतरच दिसू लागतो, यामागे हेच कारण सांगितले जाते.

चरबी कोठे साठते, हे महत्त्वाचे

फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये एक साधे निरीक्षण मांडले. पोटावर चरबी असणाऱ्या लठ्ठ व्यक्तींना मधुमेह अधिक होतो, मांड्या आणि नितंबांवर चरबी असणाऱ्यांना कमी. पुढील अर्धशतकात या निरीक्षणाची शरीरशास्त्रीय बाजू उलगडत गेली.

त्वचेखालची चरबी हे शरीराचे हक्काचे कोठार आहे. खाल्लेली जादा ऊर्जा तेथे मुकाट पडून राहते. मात्र या कोठाराला मर्यादा असते, आणि ती प्रत्येकात वेगळी. कोठार भरले की माल ओसंडून जेथे जाऊ नये तेथे जातो. प्रथम आतड्यांभोवती, मग यकृतात, मग स्नायूंच्या तंतूंमध्ये. पोटातील चरबीचे रक्त थेट यकृताकडे जाते, त्यामुळे तिच्यातून सुटणारी मेदाम्ले यकृताला प्रथम गाठतात. पेशींच्या आत साचलेले मेदाचे अंश इन्शुलिनचा निरोप पुढे पोचवणाऱ्या साखळीत अडथळा आणतात. तुडुंब भरलेल्या मेदपेशींभोवती दाहाच्या पेशी गोळा होतात, आणि त्यांच्यातून सुटणारी द्रव्ये प्रतिरोध वाढवतात. याच मेदपेशी एरवी अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचे एक हितकारक द्रव्य सोडतात, तेही घटते. यकृताची तर विचित्र अवस्था होते. ग्लुकोज तयार करणे थांबवा हा इन्शुलिनचा हुकूम ते ऐकत नाही, पण चरबी तयार करा हा हुकूम मात्र ऐकत राहते. लठ्ठ मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलेले, चांगले कोलेस्टेरॉल घटलेले आणि सोनोग्राफीत यकृत चरबीयुक्त आढळते, त्याचे हे मूळ.

कोठाराची ही कल्पना केवळ उपमा नाही, याचा पुरावा एका दुर्मिळ विकारातून मिळतो. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच मेदपेशी जवळजवळ नसतात. ही मुले अत्यंत कृश दिसतात, आणि तरीही त्यांच्यातील इन्शुलिन-प्रतिरोध कमालीचा तीव्र असतो. चरबी साठवायला जागाच नसल्याने ती सारी यकृतात आणि स्नायूंत जाते. चरबी असणे हा दोष नसून ती चुकीच्या जागी असणे हा दोष होय, ही गोष्ट यातून लख्ख दिसते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात सोनिया कॅप्रिओ यांच्या गटाने लठ्ठ मुलांवर दीर्घकाळ काम केले आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत मध्यम लठ्ठ मुलांपैकी सुमारे ३९ टक्के, तर अतिलठ्ठ मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांत साखर, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांचे एकत्रित बिघाड आढळले. म्हणजे अतिलठ्ठ मुलांतही निम्मी त्यापासून दूर होती. याच गटाने २००८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, ज्या मुलांच्या पोटात आतील चरबीचे प्रमाण अधिक आणि त्वचेखालील चरबीचे प्रमाण कमी, त्यांच्यात प्रतिरोध सर्वाधिक होता. त्यांचे एकंदर वजन मात्र इतरांहून जास्त नव्हते.

पुण्याची सहा खेडी

आता महाराष्ट्राकडे. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे १९८० च्या दशकात एक कोडे होते. पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे टाइप-२ मधुमेह हा प्रौढ, लठ्ठ माणसांचा आजार. पुण्यातील त्यांचे रुग्ण मात्र तुलनेने तरुण होते, आणि पुस्तकी निकषांनी लठ्ठही नव्हते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर हे जन्माच्या वेळचे कमी वजन आणि उतारवयातील हृदयविकार व मधुमेह यांचा संबंध दाखवून देत होते. पुण्याने हा धागा उचलला.

केईएममध्ये जन्मलेल्या आणि जन्मवजनाची नोंद असलेल्या मुलांना चौथ्या वर्षी ग्लुकोज पाजून तपासले गेले. जन्मतः ज्यांचे वजन कमी, त्यांच्या रक्तात ग्लुकोज आणि इन्शुलिन अधिक आढळले. आठव्या वर्षी ४७७ मुलांची पुन्हा पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातच प्रश्न होता: जन्मतः लहान, आठव्या वर्षी मोठे, की दोन्ही? उत्तर ‘दोन्ही’कडे झुकणारे निघाले. सर्वात प्रतिकूल चित्र होते ते कमी वजनाने जन्मून आठव्या वर्षापर्यंत अंगावर अधिक चरबी जमा केलेल्या मुलांचे. लक्षात घ्यावे की ही मुले सर्वसामान्य अर्थाने ‘लठ्ठ’ म्हणावीत अशी नव्हती.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा प्रकल्प सुरू झाला. येथे स्त्रियांची पाहणी गर्भधारणेच्या आधीपासून केली गेली. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांची तुलना साउथॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांशी करण्यात आली. इंग्लंडमधील बाळे सरासरी साडेतीन किलोची, पुण्याची २.७ किलोची. अपेक्षेप्रमाणे पुण्याची बाळे सर्वच मापांत लहान होती, परंतु सारखी लहान नव्हती. पोटाचा घेर, म्हणजे आतील अवयव, आणि दंडाचे स्नायू यांत ती फार मागे होती, पण पाठीवरील त्वचेच्या चिमटीत येणारी चरबी जवळजवळ शाबूत होती. हाडापेराने बारीक, तरी प्रमाणात चरबीने भरलेले असे हे बाळ. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने ‘कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ’ ही संज्ञा जगभर पोचवली. पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताच्या तुलनेत पुण्याच्या बाळांत, वजन कमी असूनही, इन्शुलिन अधिक आढळले होते. म्हणजे प्रतिरोधाची चाहूल वडापाव, चिप्स किंवा दूरचित्रवाणी यांच्याही कितीतरी आधी, आईच्या उदरातच लागते.

डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत काढलेले एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, ते या विषयातील सर्वात बोलके उदाहरण ठरावे. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा अंक, तंतोतंत सारखा, २२.३. अंगावरील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

खेड्यांतील त्या मुलांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला. सहाव्या वर्षी आढळले की ज्या मातांच्या रक्तात गर्भारपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. साठ टक्क्यांहून अधिक मातांत ब-१२ ची कमतरता होती. अठराव्या वर्षी तर चित्र अधिकच गंभीर झाले. सुमारे ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेपलीकडे गेली होती, आणि याच तरुण-तरुणींपैकी जवळजवळ निम्मे प्रचलित निकषांनी कमी वजनाचे होते.

दिल्लीतील एका दीर्घ पाहणीनेही हेच वेगळ्या बाजूने सांगितले. तेथे जन्मापासून नोंदी असलेल्या सुमारे दीड हजार व्यक्तींना तिशीच्या आसपास तपासले गेले. ज्यांना मधुमेह झाला किंवा होऊ घातला होता, ती मंडळी दोन वर्षे वयापर्यंत बारीक होती आणि त्यानंतर झपाट्याने भरत गेली होती. बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही जण लठ्ठ म्हणता येण्याजोगा नव्हता. धोका एखाद्या वयातील वजनात नव्हता, तर वाढीचा रस्ता कोणत्या बाजूने वर चढला यात होता.

कोरपन्याचे गणित

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील नवजात अर्भकांची घरोघर पाहणी केली, तेव्हा दर दहांपैकी सुमारे चार बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. अशी बाळे वाचवणे हेच त्या काळी पहिले काम होते, आणि ‘सर्च’ने ते घरच्या घरी करून दाखवले. परंतु कमी वजनाने जन्मून वाचलेल्या मुलाचे पुढचे आयुष्य कोणत्या अन्नावर वाढते, हा प्रश्न आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या साऱ्या पट्ट्यापुढे आहे.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, तरोटा, चिवळ यांसारख्या पालेभाज्या, रानातली फळे आणि कधीमधी मासे-मटण असा या भागाचा जुना आहार. त्याचे प्रमाण पुष्कळदा अपुरे असे, पण प्रत चांगली. बाजाराने प्रमाण भरून काढले ते प्रत घालवून. पाच रुपयांचे पाकीट कारखान्याच्या वसाहतीत मिळते तसे गुड्यावरच्या किराणा दुकानातही मिळते. मैदा, साखर आणि तळणीचे तेल यांनी वजन वाढते. त्यातून स्नायू वाढत नाहीत, कारण स्नायूंना प्रथिने लागतात आणि हालचालही लागते. जन्मतः ज्याचे स्नायू कमी आणि चरबी शाबूत, अशा मुलाला या अन्नाने ‘अंग धरू’ दिले, तर काटा समाधानाने वर सरकतो आणि इन्शुलिनचा प्रभाव खाली. कमी वजनाचे मूल सुधारले, अशी नोंद अंगणवाडीच्या वहीत होते. ती नोंद खोटी नसते, पण अर्धीच असते.

याचा अर्थ कृश बालकांना कमी खाऊ घालावे असा मुळीच नव्हे. पहिल्या दोन वर्षांत वजन आणि उंची वाढणे हे जगण्यासाठी आणि बुद्धीच्या वाढीसाठी अत्यावश्यक आहे, आणि त्या वयातील वाढीचा पुढील मधुमेहाशी संबंध अत्यल्प दिसतो. प्रश्न येतो तो दोन-तीन वर्षांनंतर, उंचीला मागे टाकून वजन धावू लागते तेव्हा. एरवी मुलाचा बॉडी मास इंडेक्स पहिल्या वर्षानंतर घटत जातो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा वर वळतो. हे वळण जितके लवकर येईल तितकी पुढील लठ्ठपणाची शक्यता अधिक. या वयाची मुले शाळेत नुकतीच जाऊ लागलेली असतात आणि ‘आता कसा छान भरला’ हे उद्गार नेमके तेव्हाच ऐकू येतात.

राष्ट्रीय पातळीवर २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलांपैकी सुमारे पाच टक्केच मुले जादा वजनाची आढळली. मधुमेहपूर्व अवस्थेतील मुले मात्र सुमारे दहा टक्के होती. केवळ लठ्ठ मुलांकडे पाहून हा दुसरा आकडा समजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले खुरटलेली होती, आणि त्याच वेळी उंचीच्या मानाने जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीतील १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले होते.

ओळखावे कसे

प्रौढांचे बॉडी मास इंडेक्सचे आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण वयाप्रमाणे ते बदलतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते सुधारून प्रसिद्ध केले. त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ या अंकांशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिलीच्या वर गेलेले मूल जादा वजनाचे, दुसरीच्या वरचे लठ्ठ. पाश्चात्त्य निकष २५ आणि ३० चे आहेत. आपल्याकडे ते खाली आणण्यामागे भारतीय शरीरातील चरबीचे हेच गणित आहे.

त्याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची मापपट्टी. सहा वर्षांवरील मुलाच्या कमरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर ६० च्या पुढे गेली असेल, तर वजन काहीही असो, ते मूल डॉक्टरांना दाखवणे इष्ट. शाळांतून आरोग्य तपासणीच्या वेळी उंची आणि वजन घेतले जाते. कंबर मोजायला लागते ते केवळ आणखी अर्धे मिनिट.

मान, काख आणि जांघ येथील त्वचा काळपट, जाडसर, मखमलीसारखी होणे हे जादा इन्शुलिनचे बाहेर दिसणारे चिन्ह आहे. मळ समजून पुष्कळ आया ती मान घासत बसतात. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे, चेहऱ्यावर लव वाढणे ही लक्षणेही याच्याशी निगडित असू शकतात. अशा मुलांची साखर, एचबीए१सी, रक्तातील मेद, यकृताची विकरे आणि रक्तदाब तपासावा लागतो. रक्तातील इन्शुलिन मोजून घेण्याची मात्र अलीकडे जी हौस दिसते, तिला फारसा आधार नाही. प्रयोगशाळेगणिक आकडे बदलतात आणि वयात येताना तर ते आपोआप चढतात. होमाचे गणित शेकडो मुलांच्या अभ्यासात उपयोगी पडते, पण एका मुलाचा निवाडा त्यावरून करू नये, असे बालरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१० मध्येच सांगितले आहे.

उपाय

उपचाराची बाजू बरीचशी आशादायक आहे, कारण मुलांना एक सवलत असते जी प्रौढांना नाही. ती वाढत असतात. वाढत्या वयाच्या बहुतेक लठ्ठ मुलांचे वजन कमी करण्याची गरजच नसते. वर्षभर ते आहे तेथे राहिले आणि उंची पाच-सहा सेंटिमीटर वाढली, तरी चरबीचे प्रमाण घटते. उपासमार करणारे आहार तर मुलांना सर्वथा वर्ज्य, कारण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि आपल्या मुलांकडे ते आधीच कमी.

व्यायामाचा लाभ वजन न घटताही होतो. काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज आत घेऊ शकतो, आणि खेळून थकलेल्या स्नायूवर इन्शुलिनचा प्रभाव पुढील दिवसापर्यंत वाढलेला राहतो. दिवसाला किमान एक तास दम लागेल असे खेळणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यासाठीच आहे. सायकलने शाळेत जाणारे मूल हा तास जाता-येता पुरा करते. त्याच्याच शेजारच्याला घरासमोर स्कूलबस न्यायला येते आणि संध्याकाळी शिकवणी असते.

आहारात पहिला हात घालावा तो साखरेच्या पेयांना. साखरेतील फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जाते आणि तेथे त्याची चरबी बनते. अमेरिकेत लठ्ठ मुलांवर झालेल्या एका प्रयोगात नऊ दिवस एकूण उष्मांक तेवढेच ठेवून साखरेच्या जागी पिष्टमय पदार्थ दिले, तर यकृतातील चरबीचे प्रमाण ७.२ टक्क्यांवरून ३.८ वर आले. डबाबंद फळांचा रसही याच वर्गात मोडतो, मग त्यावर संत्र्याचे कितीही सुंदर चित्र असो. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून अशा पदार्थांना मनाई केली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत ते विकण्यास बंदी घातली. फाटकाबाहेरच्या टपरीचे अंतर मात्र फारसे कोणी मोजत नाही.

औषधांवर मदार ठेवण्याजोगी स्थिती नाही. टाइप-२ मधुमेह झालेल्या दहा वर्षांवरील मुलांना मेटफॉर्मिन दिले जाते. परंतु अमेरिकेतील ६९९ मुलांवरील मोठ्या चाचणीत, २०१२ च्या निष्कर्षांनुसार, केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांची साखर आटोक्यात राहिली नाही. मुलांत हा आजार प्रौढांपेक्षा वेगाने वाढतो आणि बीटा पेशी लवकर थकतात. भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने अमेरिकेत २०२२ अखेर बारा वर्षांवरील लठ्ठ मुलांसाठी मंजूर झाली. ती महाग आहेत, आणि थांबवल्यावर वजन परतते.

पुण्याच्या संशोधकांनी त्यामुळे मुलांच्याही मागे, होणाऱ्या आयांकडे मोर्चा वळवला. त्या सहा खेड्यांत जन्मलेली मुलेमुली वयात आल्यावर त्यांना ब-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला, जेणेकरून त्यांची बाळे अधिक चांगल्या घडणीची व्हावीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ दररोज देऊन पाहण्यात आला. तीन महिने किंवा त्याहून आधी खाऊ सुरू केलेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी वजनदार निघाली. आकडा लहान वाटतो, पण खाऊ घेणाऱ्या स्त्रियांत गर्भारपणीच्या मधुमेहाचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले. पुण्याच्या खेड्यांतही हिरव्या पालेभाज्या वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे अधिक वजनाची होती. अशा भाज्या कोरपन्यात पावसाळाभर बांधावर आणि रानात उगवतात. त्या खुडून आणून शिजवायला लागणारा वेळ मात्र कापसाच्या निंदणीत आणि मजुरीत जातो.

काळपडलेल्या मानेबद्दल पालकांना आणखी एक सांगणे आवश्यक आहे. ती साबणाने, लिंबाने वा गोरेपणाच्या मलमाने उजळत नाही. कमरेचा घेर कमी होऊ लागला आणि इन्शुलिनची पातळी उतरली, की काही महिन्यांत ती आपोआप फिकट होऊ लागते.